पंधरा अंशांवरचा दाता

पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात मी गेले ती ठवणी बघायला. जुन्या घरांतल्या लाकडी वस्तूंवर दिवाळी अंकात काही पानं द्यायची होती. पाट, चौरंग, फडताळ, रवी अशी यादी संपादकांनी केली होती आणि तिच्या तळाशी ‘ठवणी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला ती आठवत होती. चातुर्मासात आजी पोथी लावायची, तेव्हा माळ्यावरून फुलीच्या आकाराची ती घडी खाली उतरायची आणि तिच्यावर आधी धुतलेलं फडकं पडायचं, मग पोथी ठेवली जायची. ठवणी करणारा माणूस अजून पुण्यात आहे, एवढं कळलं आणि मी निघाले.

हे सुतारकाका साठीच्या पुढचे आहेत. दोन माणसांना जेमतेम वावरता येईल एवढं दुकान. “लिहा ताई, पण माझं नाव नका छापू,” ते सुरुवातीलाच म्हणाले. “ठवणीचं म्हणाल तर ती माझी नाही, बापजाद्यांची. आणि जी माझी आहे, ती अजून झालेली नाही.” दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला तासाभरानं कळला.

आधी त्यांनी ठवणी करून दाखवली. दोन फूट लांब, आठ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी एकच सागवानी फळी. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही, बिजागरीसुद्धा वेगळी नाही. फळीच्या मध्यापासून थोडं बाजूला पाच भाग आखायचे. एकाआड एक भाग वरच्या पानाचे, उरलेले खालच्या पानाचे. पटाशीनं त्यांना दोन्ही अंगांनी गोलाई द्यायची आणि मधल्या उभ्या फटी बारीक करवतीनं मोकळ्या करायच्या. मग फळी कडेवर उभी धरून तिच्या जाडीतून करवत चालवायची, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून, थेट त्या गोलाईपर्यंत. पाऊण इंचात दोन पानं बसवायची असतात, त्यामुळे करवत केसभर वाकडी गेली तरी एक पान पापडासारखं पातळ होतं. दोन्ही काप गोलाईला भिडले की काका फळी मांडीवर घेतात आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबतात. एक बारीक ‘कट्’ ऐकू येतं आणि एका फळीच्या एकमेकींत गुंतलेल्या दोन फळ्या होतात. उघडल्या की फुली, मिटल्या की पुन्हा फळी. तो आवाज ऐकण्यासाठी मी त्यांना आणखी एक ठवणी करायला लावली.

हिलाच उर्दूत रेहाल म्हणतात आणि तुर्कस्तानात राहले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कुराणासाठी केलेलं असं एक कोरीव आसन आहे. त्यावर इस्फहानच्या कारागिराचं नाव आणि १३६० हे साल येईल असा हिजरी काळ कोरलेला आहे. इतकी शतकं या वस्तूचा आकार टिकला, कारण तो पुस्तकाला मानवतो. बांधीव ग्रंथ पूर्ण आडवा उघडला की त्याच्या पाठीच्या शिवणीवर ताण येतो. ठवणीच्या कुशीत तो अर्धवटच उघडतो आणि ताण वाचतो. जुनी हस्तलिखितं वाचायला देताना ग्रंथालयं आजही दोन्ही बाजूंना उतरत्या उशा ठेवतात, त्या याचसाठी.

पण ठवणीचा कोन लाकडातच कोरलेला असतो. गोलाईचे खांदे एकमेकांवर टेकले की ती तिथेच थांबते, मग वाचणारा ठेंगणा असो की उंच, पुस्तक जाड असो की पातळ. आणि तिच्यावर लिहिता येत नाही. काकांच्या ठोकळ्यावर पडलेली दुसरी वस्तू या दोन उणिवांतून जन्मली होती. सोळा इंच लांब आणि बारा इंच रुंद अशी एक फळी, तिच्याखाली तेवढीच चौकट, पुढच्या कडेला दोघींना जोडणारी बिजागरी आणि मागे फळीला उचलून धरणारा एक टेकू. “ही माझी,” काका म्हणाले.

तिची मागणी घेऊन आला होता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा. सदाशिव-नारायण पेठांत अशी हजारो मुलं राहतात. त्यांच्या भाड्याचा हिशेब खोलीवर नसतो, कॉटवर असतो. ‘कॉट बेसिस’ म्हणजे एक पलंग, खाली एक ट्रंक आणि भिंतीला एक खिळा. टेबल त्यात बसत नाही. ज्यांना अभ्यासिकेत जागा परवडते ते तिथे जातात. बाकीचे पलंगावर मांडी घालून, पुस्तक मांडीवर ठेवून, मान खाली घालून दहा-दहा तास बसतात. माणसाचं डोकं साडेचार ते साडेपाच किलोचं. मान साठ अंश वाकली की मणक्यावर साधारण २७ किलोंचा भार येतो, असा हिशेब केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांनी गणिती प्रारूपावरून २०१४ मध्ये मांडला. त्या मुलाला हा आकडा माहीत नव्हता. तो काकांना एवढंच म्हणाला होता, “काका, मान दुखते. वाचायला उभं राहील आणि लिहायला झोपेल असं काहीतरी करून द्या. पिशवीत मावायला पाहिजे.”

या मागणीमागे मोठा इतिहास आहे. इटालियन यंत्रज्ञ अगोस्तिनो रामेली यांनी १५८८ च्या ग्रंथात पुस्तकांचं एक फिरतं चाक रेखाटलं. चाक कसंही फिरवलं तरी दंतचक्रांमुळे प्रत्येक पुस्तकाचा कोन तोच राहतो. पण ते चाक खोलीतून हलवायचं तर गाडी हवी. थॉमस जेफरसन यांनी स्वतः आराखडा काढून फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ या सुताराकडून एक छोटी लेखनपेटी करून घेतली. तिच्यावर उघडणारी उतरती फळी आणि आत कागद-दौतीसाठी खण. १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी त्या पेटीवर लिहिला. १८२५ मध्ये पेटी नातजावयाला देताना, ती मेजावर मध्यम आकाराच्या ग्रंथाएवढीच जागा घेते, ही गोष्ट त्यांनी आवर्जून कळवली. आपल्याकडे नवी मुंबईच्या ‘आरंभ’ संस्थेनं जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना काप आणि घड्या देऊन दप्तराचंच मेज केलं, जमिनीवर बसून शिकणाऱ्या मुलांसाठी. या सगळ्यांची धडपड एकच होती, की जिथे माणूस बसेल तिथे त्याचं मेज यावं.

काकांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी नमुना घेतला तो घरच्या आरामखुर्चीचा. तिच्या मागच्या दांड्याला खाचा असतात. आडवी काठी पुढच्या खाचेत घातली की माणूस उठून बसतो, मागच्या खाचेत घातली की पहुडतो. तेच इथे. टेकूच्या टोकाला लोखंडी सळई, चौकटीच्या पट्टीला खाचा आणि दोन खाचांच्या मध्ये उभा राहतो तो दाता. सगळं सोपं वाटलं होतं, असं काका सांगतात. पहिला नमुना दोन दिवसांत झाला. तो मोडला त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

मोडला तो एकच दाता, लिहिण्याच्या बाजूचा शेवटचा. नवी पट्टी बसवली. पुन्हा तोच मोडला. तिसऱ्यांदा शिसवीची पट्टी घेतली, तेव्हा तो थोडा उशिरा मोडला.

मी घरी जाऊन कागदावर त्रिकोण काढून बघितला आणि त्या दात्याच्या प्रेमातच पडले. टेकू सात इंचांचा आहे आणि फळीला तो बिजागरीपासून आठ इंचांवर जोडलेला आहे. फळी साठ अंशांवरून पंचेचाळीसवर आणायची तर टेकूचं टोक पावणेपाच इंच मागे सरकतं. पंचेचाळीसवरून तीसवर यायला जवळपास तीन इंच पुरतात आणि तीसवरून पंधरावर यायला पावणेदोन. पंधरावरून दहावर यायचं असेल, तर सरकायला अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून जरा जास्त, जागा मिळते. फळी जशी आडवी होते तशा खाचा दाटीवाटीनं एकमेकींजवळ येतात. त्या अडीच सुतांतलं दीड सूत सळईनंच खाल्लं, म्हणजे दात्याच्या वाट्याला उरलं एक सूत लाकूड.

शिवाय रेटा. साठ अंशांवर टेकू जवळजवळ उभा असतो, सगळा भार सरळ खाली जातो आणि दात्याला फारसं काही सोसावं लागत नाही. पंधरा अंशांवर तोच टेकू आडवा पडतो. फळीवर टेकलेल्या हाताचं जेवढं वजन, त्याच्या पावणेदोन पट आडवा रेटा तो दात्याला देतो. पट्टीतले लाकडाचे रेषे लांबीला धावतात आणि रेटाही त्याच दिशेनं, त्यामुळे दाता बुडापासून सालपटासारखा निघून येतो. जिथे लाकूड सगळ्यात कमी, तिथेच जोर सगळ्यात जास्त.

हे मी काकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. “म्हणजे माझा हात चुकत नव्हता,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली सुटका मला अजून ऐकू येते. आठ महिने हा माणूस आपल्या पटाशीला दोष देत होता.

तिथून पुढे मी दर आठवड्याला जायला लागले, आणि लेख ठवणीचा राहिला नाही. वाचणं आणि लिहिणं ही आपण जोडीनं उच्चारतो, पण फळीच्या दृष्टीनं ती दोन वेगळी कामं आहेत. वाचताना फळीवर असतं ते मुकं वजन, आणि त्याची ओढ खाली घसरण्याची. काकांनी पॉलिश केलेली फळी हळूहळू उचलून दाखवली. विसाच्या पुढे गेल्यावर वही सुटली. घर्षण सोडलं तर साठ अंशांवर किलोभराचं पुस्तक खालच्या पट्टीला साडेआठशे ग्रॅमहून जास्त रेटतं. ती पट्टी नसेल तर वाचन नाही. लिहिताना मात्र फळीवर असतो हात, दाबणारा, सरकणारा, मध्येच टेकणारा. आणि वाचताना जी पट्टी पुस्तकाला अडवते, नेमकी तिच्यावरच लिहिताना मनगट येतं. तासाभरात वळ उठतो. एकाची गरज ती दुसऱ्याची इजा.

वजनाचंही तसंच. अर्ध्या इंचाची सागवानी फळीच एक किलोची होते. पाव इंचाचं प्लाय घेतलं तर पुस्तक खुशाल राहतं, पण लिहिताना फळी दबते आणि अक्षर थरथरतं. काकांनी प्लायच्या पाठीला दोन आडव्या पट्ट्या मारल्या. अक्षर स्थिरावलं, पण घडी जाड झाली आणि पिशवीची चेन लागेना. विंगनट आणि वायसर घालून कोन कुठेही आवळता येईल अशी जोडणी केली, तर दाते लागेनात. पण पाऊण तास लिहिल्यावर हाताच्या वजनानं फळी कणाकणानं खाली आली. नट पुन्हा आवळा, पुन्हा लिहा. अभ्यासातल्या मुलाला असं दर पाऊण तासानं उठवायचं नाही, असं म्हणून काकांनी नट काढून डब्यात टाकले.

तोड सापडली ती पावसाळ्यातल्या एका दुपारी. दात्यांचा नाद सोडून काकांनी फळीखाली एक लाकडी दांडा आडवा सारला होता, दहा इंच लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड. बिजागरीपासून आठ इंचांवर तो आडवा ठेवला की फळीला सात अंशांचा उतार मिळतो, कडेवर ठेवला की चौदाचा. भार सरळ खाली, रेट्याचा प्रश्नच नाही. मोडायला त्यात काही नाही. पण सुटा भाग हरवतो, आणि हरवला की सगळी वस्तू बाद. आम्ही दोघं त्या दांड्याकडे बघत बसलो होतो. मग काका उठले, दांड्याच्या कडेला दोन भोकं पाडली, फळीच्या पुढच्या कडेत दोन सागवानी खुंट्या ठोकल्या आणि दांडा त्यांच्यावर दाबून बसवला. तोच दांडा आता पुस्तकाला अडवणारी पट्टी झाला होता. वाचताना पट्टी लागते, तेव्हा खाली दांडा नको असतो. लिहिताना खाली दांडा लागतो, तेव्हा पुढे पट्टी नको असते. पाव किलोच्या आतलं एकच लाकूड जागा बदलून दोन्ही कामं करत होतं, आणि हरवण्याची भीती गेली, कारण प्रवासात ते खुंट्यांवरच बसून जाणार. टेकूचे दाते आता फक्त तीस ते साठ अंशांसाठी उरले आणि ते सगळे जाडजूड आहेत. मी अनेक हुशार माणसांच्या मुलाखती घेतल्या आहेत. विचार असा समोर हातातून उतरताना क्वचित पाहिला आहे.

चौथा नमुना मुलाकडे गेला. पंधरा दिवसांनी तो परत घेऊन आला, तेव्हा मी दुकानात होते. मान कमी दुखते, म्हणाला. खुंट्या थोड्या ढिल्या झाल्यात, पाऊस आणि उघडीप यांत लाकूड फुगतं-आक्रसतं, ते काकांनी आधीच ओळखलं होतं. मग तो जरा संकोचला. “काका, एक सांगू का? मी वाचताना लिहितो. समोर पुस्तक, पुढ्यात वही, नोट्स काढत जातो. एका वेळी एकच करता येतं ह्याच्यावर.”

कुणी काही बोललं नाही. इतक्या दिवसांत आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. वाचणं आणि लिहिणं वेगळं करण्यात आम्ही इतके गुंतलो होतो, की त्याची दोन्ही कामं एकाच वेळी चालतात हे विचारायचंच राहिलं. पुस्तक साठ अंशांवर उभं हवं आणि त्याच्या पायथ्याशी वही चौदा अंशांवर, तेही पलंगाच्या दीड फुटाच्या कडेवर. म्हणजे मागे टेकू आणि पुढे दांडा, दोन्ही एकाच क्षणी. आणि तोच दांडा तेव्हा पट्टी म्हणूनही हवा.

काकांनी स्टँड उलटा केला, पालथा केला, चौकटीची पुढची रिकामी जागा बोटांनी मोजली. मग मुलाकडे वळले.

“वही दाखव बाळा तुझी,” ते म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून वहीची लांबी-रुंदी फळीवर आखायला लागले.