डॉज, डीसोटो व प्लिमथ मोटारगाड्यांची ओळख

अमेरिकेतील क्रायस्लर निगमाच्या या तीन नाममुद्रांच्या मोटारगाड्या. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात १९४७ पासून त्यांची जुळणी होऊ लागली. निर्यातीसाठीच्या डॉज किंग्जवे व डीसोटो डिप्लोमॅट या गाड्यांचा सांगाडा मुख्यतः प्लिमथचाच असल्याने बाजूने पाहता तिन्ही एकसारख्या भासतात. भेद आढळतो तो पुढील जाळी, बॉनेटवरील प्रतिमा व नामपट्टी यांत. डॉजवर एडका, तर प्लिमथवर मेफ्लॉवर हे शिडाचे जहाज असे. डीसोटोचे नाव स्पॅनिश समन्वेषक एर्नांदो दे सोतो याच्यावरून पडले आणि त्याचीच शिरःप्रतिमा काही वर्षांच्या गाड्यांवर आढळते; परंतु तिची खरी खूण जाळीत होती. क्रोमियमच्या मुलाम्याच्या जाड उभ्या पट्ट्या विचकलेल्या दातांसारख्या दिसत, त्यामुळे १९५० च्या सुमाराची डीसोटो दुरूनही ओळखू येते.

हे सर्व भाग सुटे असल्याने सहज बदलता येतात. डॉजची जाळी बसविलेली प्लिमथ आणि मूळची किंग्जवे यांतील फरक केवळ पाहून सांगणे म्हणून धोक्याचे ठरते. जुनी गाडी विकत घेताना चॅसिस व एंजिन यांवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतात.