सायलेन्सरमधून फटाके : दोष कार्ब्युरेटरचाच असतो का?

1961 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जग्वारने ई-टाइप दाखवली. लांबलचक बॉनेटखाली 3.8 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर. साठी ओलांडलेली अशी गाडी पाइपमधून ‘ठो’ करते, तेव्हा मालकाचा हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तिन्हींची सेटिंग हलली की मूळ दोष शोधणं आणखी अवघड! म्हणून पेचकस आधी खाली ठेवा.

मुळात होतं काय? न जळलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमधून निसटून तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पोहोचतं आणि तिथे पेटतं. ते सिलिंडरमध्ये का जळलं नाही, हे शोधायचं असतं. आवाज नेमका कधी येतो, यावरून बरंच कळतं.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर फटफट होत असेल, तर एक्झॉस्टचे जोड पाहा. सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आगीला हवं ते मिळतं. या इंजिनाला तीन-तीन सिलिंडरचे दोन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतात. पाइपच्या सांध्याशी काजळीची रेघ दिसली, तर गळती तिथेच आहे. हलकी गुरगुर जुन्या गाडीत चालायचीच, बंदुकीसारखा बार मात्र नाही.

जोर पडत असताना बार झाला, तर संशय ठिणगीवर घ्या. एक ठिणगी चुकली की त्या सिलिंडरचं सगळं मिश्रण तसंच बाहेर पडतं. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा (हात लांब!). चिरलेल्या डिस्ट्रिब्युटर कॅपवर किंवा वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. मग पॉइंट आणि कंडेन्सर. कंडेन्सर कालच बदलला म्हणून तो निर्दोष समजू नका, नवेही खराब निघतात. टायमिंग मागे पडलं असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही आत जळणं चालूच असतं.

एक गंमत म्हणजे जग्वार या इंजिनाचे सिलिंडर मागून मोजते, एक नंबर ड्रायव्हरकडचा. पुस्तकाप्रमाणे टायमिंग लावलं आणि वायरी मात्र पुढून मोजून जोडल्या, तर ठिणगी क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकते. इंजिन मग सुरू व्हायचं सोडून कार्ब्युरेटरमधून फुसकारतं.

हे सगळं ठीक निघालं, तरच कार्ब्युरेटर. इंजिन गरम झाल्यावर एकेकाचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर त्याला हात लावू नका.

शेवटी कॉम्प्रेशन तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर कमी झालं की तो पूर्ण मिटत नाही, हळूहळू जळतो आणि मिश्रण एक्झॉस्टमध्ये गळतं. असा व्हॉल्व्ह आवाजही करत नाही, त्यामुळे शांत इंजिन ऐकून खूश होऊ नका. हे अंतर बदलायला दोन्हीपैकी एक्झॉस्टकडचा कॅमशाफ्ट काढून शिम बदलावी लागते. तोवर गाडी पळवली, तर खर्च शिमवरून थेट सिलिंडर हेडवर जातो.