पटावरची जोडी

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघायला गेलात तर शेवटच्या रेषेपाशी गर्दीत घुसू नका, जोडी सुटते तिथं उभे राहा. दोघं जण बैलांच्या तोंडासमोर वेसण धरून, पाय रोवून उभे असतात. एक जण छकड्याला मागून रेटून ठेवतो. जोडी हाकणारा धुरकरी अजून जमिनीवरच असतो. पुढं काय आहे ते बैलांना कळलेलं असतं. एकाच्या गळ्याची पोळी थरथरते, दुसरा खुरानं माती उकरत राहतो. धुरकरी चढतो, कासरा आवळतो. झेंडी पडते, समोरची माणसं दोन बाजूंना उड्या टाकतात आणि धूळ खाली बसायच्या आत जोडी रेषेपार गेलेली असते. मग एवढं मोठं मैदान गप्प होतं. सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागतात. किती सेकंद, आणि त्यापुढचे दोन आकडे किती?

त्या दोन आकड्यांसाठी माणसं रात्रभर प्रवास करून येतात. पुणे जिल्ह्यात गाडा घाट चढतो आणि पुढं घोडी पळते. सांगली-कोल्हापूरकडे अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात. आमच्या वऱ्हाडात जोडी घड्याळाशी पळते. सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस जातं किंवा येतं. पूर्वी हातातल्या घड्याळावर वेळ घेत आणि बटण दाबणाऱ्याच्या अंगठ्यावरून भांडणं होत. आता इलेक्ट्रॉनिक घड्याळ आल्यापासून ती बरीच थांबली.

अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट यात सगळ्यांत नावाजलेला. संक्रांतीच्या सुमारास तिथलं कृषक सुधार मंडळ तो भरवतं. पटाचं कौतुक करताना आपण बैलांची नावं घेतो, धुरकऱ्याला खांद्यावर घेतो. भरवणाऱ्यांचं काम कोणाच्या नजरेत येत नाही, म्हणून ते इथं सांगतो. पट्टी सरळ आणि सपाट हवी. एक दगड राहिला तरी खूर फाटतो. माती फार भुसभुशीत असली तर पाय रुततात, फार टणक असली तर सांधे जातात. म्हणून नांगर, रोलर आणि पाणी यांचा मेळ आधीपासून घालावा लागतो. शेवटच्या रेषेच्या पुढंही बरीच जागा मोकळी सोडावी लागते, कारण भरधाव जोडी रेषेवर थांबत नसते. दोन्ही बाजूंना बल्ल्या, दोर आणि पोरांना मागं सारणारे कार्यकर्ते लागतात. पाण्याच्या टाक्या, जनावरांचा डॉक्टर, जोड्यांची नोंद, उतरायला सावली हेही बघावं लागतं. हे करणारी बहुतेक माणसं शेतकरी असतात. घरी कापूस वेचायचा राहिलेला असतो, तूर सोंगायला आलेली असते.

घड्याळाशी पळण्याचा नाद फक्त पटातच आहे असं नाही. मोटारींच्या जगातही ऑटोक्रॉस नावाचा हौशी प्रकार आहे. मोकळ्या मैदानात शंकू मांडून रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकूला धक्का लागला तर सेकंद वाढतात. त्यातली पुष्कळ मंडळी जुन्या, एके काळी वेगासाठी गाजलेल्या गाड्या घेऊन येतात. रोजच्या रस्त्यावर त्या गाड्यांचं काम संपलेलं असतं. वर्षातून चार वेळा पळायला मिळतं म्हणून मालक त्यांचं इंजिन जिवंत ठेवतो. इंग्लंडमधल्या गुडवूडची गोष्ट अशीच. विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर 1948 साली तिथं शर्यती सुरू झाल्या, 1966 मध्ये बंद पडल्या आणि 1998 मध्ये जुन्या गाड्या घेऊनच पुन्हा सुरू झाल्या.

पळण्यासाठीच जपलेल्या या गाड्यांवरून मला गवळाऊ बैल आठवतो. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांचं हे पांढरं, सडपातळ, लांब पायांचं जनावर. मराठ्यांच्या फौजेसोबत जलद वाहतूक करणारी जात म्हणून तिचं नाव झालं. आज ओझं ट्रॅक्टर ओढतो, माणसं मोटारसायकलवर फिरतात. वर्धा जिल्ह्यातलं हेटीकुंडीचं सरकारी प्रक्षेत्र ही जात सांभाळतं. पण शेतकऱ्याच्या गोठ्यात पळणारा गोऱ्हा टिकायचा तर त्याला पळायला जागा हवी. पटाचा बैल वखराला जुंपत नाहीत. त्याला सरकी-ढेप, तुरीची चुरी, निवडलेलं कुटार. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात, तेव्हा घरातली म्हातारी माणसं त्याच्या कानाशी काही तरी बोलत असतात. एवढा खर्च बक्षिसातून निघत नाही, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असतं.

आता कडू गोष्ट. लहानपणी एका गावच्या पटात जोडी थांबल्यावर मी जवळ गेलो. एका बैलाच्या पुठ्ठ्यावर तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, आरेची भोकं होती आणि त्यांतून रक्ताचे बारीक ओघळ उतरत होते. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्याकडून टाळी वाजली नाही. म्हणून 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा शर्यती बंद केल्या तेव्हा मला नुसता राग आला नाही, लाजही वाटली. आपण वेळीच सुधारलो असतो तर ही पाळी आली नसती.

बंदीचा काळ मोठा होता. राज्यानं 2017 मध्ये कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पशुवैद्यकाचा दाखला आणि एक हजार मीटरच्या आतली पट्टी असं सगळं लागतं. काठी, चाबूक, आर, विजेचा झटका यांना सक्त मनाई. छळ सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. काही जुने शौकीन कुरकुरतात की काठीशिवाय बैल पळत नाही. मला ते पटत नाही. जो बैल चांगला सवयीचा केला आहे, तो धुरकऱ्याच्या आवाजावर पळतो. नुसत्या हाकेवर सुटलेली जोडी बघितली की आरेची गरज कोणाला होती ते कळतं.

तळेगावात महिलाही जोडी हाकतात. पदर खोचून, कासरा धरून बाई छकड्यावर उभी राहते तेव्हा मैदानाचा आवाज बदलतो. ज्या गोठ्यातलं शेण-पाणी वर्षभर तिनंच केलं, त्या गोठ्यातली जोडी तिच्या हाकेला ओळखते, यात मला नवल वाटत नाही.

दिवस कलला की अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूरकडची माणसं परत निघतात. पिकअपला फळी लावतात, खाली कुटार पसरतात. मागच्या खेपेला एक मालक निघण्याआधी बैलाचा पाय गुडघ्यावर घेऊन बसला होता. बक्षीस मिळालं नव्हतं. खुराच्या फटीतली माती तो बोटानं हळूहळू काढत होता, मध्येच एक बारीक खडा निघाला. तो त्यानं उजेडाकडे धरून बघितला, लांब फेकला आणि दुसरा पाय उचलला.