पाना धरणारा आणि पाहणारा

कारंज्याच्या लोकांना ‘शकुंतला’ आगगाडीची ओळख करून द्यायला नको. मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवर मँचेस्टरला 1921 साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत चालत होते. गाडीवर माणसे मोजकी. सिग्नल पाहणे, तिकिटे देणे, इंजिन जोडणे-सोडणे ही सारी कामे तीच आपसांत उरकून घेत. त्याचे कोणाला फारसे वाटले नाही. कारण गाडी सावकाश चाले, आणि काही बिघडलेच तर थांबवून खाली उतरून पाहता येई.

विमान असे वाटेत उभे करता येत नाही. म्हणून त्याची सगळी तपासणी जमिनीवर असतानाच व्हावी लागते, आणि ती करायला किती माणसे ठेवावीत हा प्रश्न फार जपून सोडवावा लागतो. आज त्याचाच थोडा विचार करू.

हे काम आपल्यापासून फार दूर चालते असे नाही. नागपूरला मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचा मोठा कारखाना आहे. बोईंग कंपनीने तो बांधून 2015 साली एअर इंडियाच्या हवाली केला. वाशिम-रिसोडकडचा एखादा मुलगा उद्या तिथे लागला, तर त्याला काय दिसेल? हाती पाना घेतलेले तंत्रज्ञ दिसतील. काम नीट झाले अशी सही करणारा परवानाधारक अभियंता दिसेल. त्याच्या सहीवाचून विमान उडत नाही. आणि यांच्यामागे पाळीचा प्रमुख, कामाची आखणी करणारे, गुणवत्ता तपासणारे अशी काही मंडळी दिसतील. यांच्या हाती पाना नसतो. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली नजर जाते ती यांच्यावरच. “हे बसून करतात तरी काय?” असे कोणीही सहज विचारतो.

ते काय करतात, हे 1990 च्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये कळून आले. बर्मिंगहॅमला रात्रपाळीत माणसे कमी होती. एका विमानाची पुढची काच बदलायची होती. हाताशी कोणी मोकळे नाही म्हणून पाळीचा प्रमुख स्वतःच शिडीवर चढला. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात त्याने जुन्या बोल्टशी ताडून, नजरेच्या अंदाजाने नवे बोल्ट निवडले. काचेला बोल्ट नव्वद. त्यांतले चौऱ्याऐंशी जाडीला कमी निघाले. किती कमी? मिलिमीटरचा जेमतेम दोन-तृतीयांश! 10 जूनला विमान सुमारे 17,000 फुटांवर असताना ती काच निखळली आणि मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, दुसऱ्या वैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, आणि नशीब असे की सगळे वाचले.

आता पाहा, तो प्रमुख कामचुकार होता काय? उलट, काम अडू नये म्हणून तो धडपडत होता. पण ज्याने इतरांचे काम पाहायचे तोच कामाला लागला, तेव्हा त्याचे काम पाहायला कोणी उरले नाही. काम त्याचे, सहीही त्याचीच. त्या काचेला दुसऱ्याची तपासणी लागते असा नियमही तेव्हा नव्हता.

कपात माणसांची होते तशी वेळेचीही होते. बैलगाडीच्या आसाला वंगण किती दिवसांनी द्यायचे, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक असते. एक-दोनदा चुकले तरी गाडी चालते; आस झिजतो तो आतून, आणि दिसत नाही. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीने शेपटीतल्या एका स्क्रूला ग्रीस देण्याची मुदत अशीच वाढवत नेली. 1987 साली ती 500 उड्डाणतासांची होती; 1996 पासून आठ महिने, म्हणजे सुमारे 2,550 तास झाली. दर वाढीला मंजुरी होती, आणि दर वेळी काही बिघडले नव्हते. 31 जानेवारी 2000 रोजी त्या स्क्रूवरच्या नटाचे आटे झिजून गेले. विमान समुद्रात कोसळले आणि 88 माणसे दगावली.

म्हणून खर्च कमी करूच नये, असे नाही. माणसे उगाच जास्त असली तर जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हेही तितकेच खरे. पण माप कोणते लावायचे? एअर इंडियावर टीका करताना ‘एका विमानामागे किती माणसे’ हा आकडा नेहमी पुढे येई. 2013 च्या सुमारास देखभालीची हजारो माणसे वेगळ्या उपकंपनीत गेली आणि मूळ कंपनीच्या पटावरचा आकडा खाली आला. विमानांना लागणारे वंगण आणि बोल्ट मात्र तेवढेच राहिले!

खरे माप तासांचे आहे. समजा, पाळीवर दहा माणसे, प्रत्येकी आठ तास. कागदावर ऐंशी तास झाले. त्यातून रजा वजा करा, प्रशिक्षण वजा करा, सुट्या भागांची वाट पाहण्यात गेलेला वेळ वजा करा. उरले ते कामाचे तास. प्रमुखाने पाना हाती घेतला की कामाचे तास वाढलेले दिसतात, पण तेवढेच देखरेखीचे तास जातात. ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. मान्यताप्राप्त देखभाल संस्थेला असा माणूस-तासांचा आराखडा करावा लागतो तो याचसाठी.

तेव्हा कपातीची यादी पुढे आली, की नाव खोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा माणूस गेल्यावर दुसऱ्याने केलेले काम कोण पाहणार? याचे उत्तर नाव घेऊन देता आले तर खुशाल खोडावे. “कोणीतरी पाहील” असे उत्तर आले, तर ते नाव राहू द्यावे. आणि आपला तो वाशिम-रिसोडकडचा मुलगा तिथे लागला, तर त्याला एवढेच सांगावे, “बाबा, दुसऱ्यानं आपलं काम तपासलं म्हणून राग मानू नकोस. तपासायला कोणीच आलं नाही, तर मात्र आवर्जून हाक मार.”