मॉडेल रेल्वेसाठी जुन्या छोट्या गाड्या: आधी पट्टी, मग पैसे

समजा, तुम्ही वर्ध्यात रेल्वेचे देखावे बनवून विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक म्हणतं, "आमची पुलगाव-आर्वी करून द्या." रूळ, इंजिन जमलं. पण फाटकाशी थांबलेली अॅम्बेसेडर, एसटी, ट्रक कुठून आणायचे? चांगली मॉडेल्स बहुतेक परदेशी. खेळणी आणि अशा मॉडेल्सवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणून देशातलाच वापरलेला माल परवडतो.

पण पैसे बुडतात ते मापात! पुलगाव-आर्वी ही अडीच फुटी नॅरोगेज. एचओ, म्हणजे १:८७ मापात तिचा रूळ पावणेनऊ मिलिमीटर येतो, म्हणून लोक एन मापाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ वापरतात. इथेच नवा माणूस फसतो. रूळ एनचा, म्हणून मोटारीही एनच्या, म्हणजे १:१६० च्या उचलतो. मग आपल्याच देखाव्यातल्या माणसाच्या कमरेलाही ती मोटार लागत नाही. रूळ कुठलाही असो, मोटार १:८७ चीच हवी.

हिशोब सोपा आहे. खऱ्या गाडीची लांबी भागिले ८७. अॅम्बेसेडर साधारण ४.३ मीटर, म्हणजे मॉडेल ५ सेंटिमीटरच्या आसपास. ११ मीटरची बस साडेबारा सेंटिमीटर. हॉट व्हील्सची बहुतेक गाडी सात सेंटिमीटरच्या घरात असते, मग ती कार असो की ट्रक, कारण ती पाकिटात मावेल अशी बनवतात. तिथली कार मोठी पडते, ट्रक मात्र कधीकधी चालून जातो. विकणाऱ्याला फोटो मागा, पण शेजारी पट्टी ठेवूनच. नुसता "एकदम छोटी आहे भाऊ" यावर पैसे पाठवू नका.

तपासताना रंगापेक्षा धातू बघा. रंग आपण देऊ शकतो. जुन्या जस्ताच्या ओतीव गाडीत बारीक भेगा असतील, अंग फुगलं असेल, तर ती घेऊच नका. तो धातूचा दोष आहे, थांबत नाही. वाकलेला दांडा, हरवलेलं चाक चालेल. देखाव्यात गाडी उभीच असते.

आता भाव. ४० गाड्यांचा लॉट ३,००० ला, कुरिअर २००. स्वस्त वाटतं, ८० रुपयाला एक. पण मापात बसल्या फक्त १६, तर एक पडली २०० ला. उरलेल्या २४ जमवणाऱ्यांना ५० प्रमाणे गेल्या, तर १,२०० परत येतात आणि कामाची गाडी १२५ ला पडते. त्या जाईपर्यंत मात्र भांडवल अडकून राहतं, म्हणून गिऱ्हाइकाला भाव २०० धरूनच सांगा. आणि त्या मुलांची खेळणी म्हणून विकू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघा, १९९८ पासून आहे. गाड्या धावत असताना नजर रस्त्यावरच्या मोटारींवर ठेवा. डब्याच्या दाराशी मोटारीची उंची ताडून बघा. पट्टी नसताना माप ओळखायला ते फार उपयोगी पडतं.