जुन्या जीपच्या पाच वायरी

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या सागवनातून वळणे घेत घेत सेमाडोहला पोचतो. सिपना नदीच्या काठचे हे गाव, आणि सभोवती १९७४ साली स्थापन झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचे दाट जंगल. पावसाळ्यात येथे नाले दुथडी भरून वाहतात. अशा रात्री एखाद्या आजाऱ्याला घेऊन निघालेली गाडी घाटातच बंद पडली तर काय होईल, याची कल्पना करा. मोठे दवाखाने आणि गॅरेजे दूर परतवाड्याला!

गाडी जर जुनी पेट्रोलची जीप असेल, तर पुष्कळदा इंजिन ठणठणीत असते. दोष असतो तो त्याच्यावरच्या पाच वायरींत. महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. रस्ता नाही तेथेही जाणारी ही गाडी सरकारी खात्यांना फार उपयोगी पडली. आज असल्या गाड्या हौशी लोक जपून ठेवतात. त्यांच्या वायरी बदलताना कोणती वायर घ्यावी आणि ती कशी न्यावी, हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. प्लगच्या दोन टोकांमधली फट असते जेमतेम ०.७ मिलिमीटर. साध्या हवेतून १ मिलिमीटर उडी मारायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट दाब लागतो. पण सिलिंडरमधले मिश्रण दाबून सुमारे सातपट दाट झालेले असते. म्हणून ठिणगीला ढोबळ मानाने १० ते १५ हजार व्होल्ट लागतात. बॅटरी तर ६ किंवा १२ व्होल्टची!

ही किमया इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह 'पॉइंट' उघडून एकदम तोडला, की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड विद्युत्‌दाब निर्माण होतो. हेच फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. कॉइलमधून एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मधोमध जाते आणि तेथून चार वायरी चार प्लगांकडे. झाल्या पाच वायरी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या याच मार्गाने जातात.

वायर जाड का असते?

तुम्ही म्हणाल, एवढा दाब म्हणजे आत तांबेही जाडजूड असणार. मुळीच नाही! प्रवाह अगदी थोडा, काही सहस्रांश अँपिअर असतो. सुमारे ७ मिलिमीटर जाडीच्या वायरीत बहुतेक भाग विसंवाहक आवरणाचा असतो. विजेला वाहून नेणे सोपे आहे. तिला वाटेत सांडू न देणे कठीण. जवळच्या लोखंडाकडे जाणारी सोपी वाट मिळाली, की वीज प्लगपर्यंत जातच नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की बाकीचे नियम आपोआप सुचतात.

पूर्वीच्या वायरींवर रबर आणि त्यावर रोगण दिलेले सुती कापड असे. उष्णतेने, तेलाने रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. आजचे सिलिकोन रबर उष्णता पुष्कळ सोसते, पण धारदार कडेवर घासले तर चटकन कापले जाते.

तांबे की कार्बन?

आतला वाहक दोन प्रकारचा मिळतो: तांब्याची तार, किंवा कार्बन मुरवलेला धागा. कार्बनच्या वायरीचा रोध काही हजार ओहम असतो. मग ठिणगी कमजोर होणार नाही का? हिशेब करू. रोध ५,००० ओहम आणि प्रवाह ०.०३ अँपिअर धरला, तर वायरीत खर्ची पडणारा दाब १५० व्होल्ट. पंधरा हजारांपुढे तो किरकोळच.

मग हा रोध मुद्दाम कशासाठी? प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते. १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झने अशाच ठिणग्यांच्या साहाय्याने या लहरींचे अस्तित्व सिद्ध केले. रेडिओवर त्यांची खरखर ऐकू येते; रोध असला की ती पुष्कळ कमी होते. लष्कराच्या १९५० सालच्या एम-३८ जीपमध्ये तर ठिणगीची सारी यंत्रणा पाणी शिरू नये अशी बंदिस्त केलेली होती. तांब्याची वायर दणकट, तर कार्बनचा धागा ओढल्यास आतल्या आत तुटतो. म्हणून प्लगवरून वायर काढताना वायर ओढू नये, टोपी धरावी.

वायरी कशा न्याव्यात?

जीपच्या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. नीट पाहा: ३ नंतर लगेच शेजारचा ४ येतो, आणि २ नंतर १. आता ३ व ४ च्या वायरी चिकटून समांतर गेल्या, तर ३ मधल्या विजेच्या झटक्याने ४ च्या वायरीतही दाब उत्पन्न होतो. त्या क्षणी ४ मध्ये ताजे मिश्रण भरलेले असते आणि दट्ट्याने ते दाबायला नुकती सुरुवात केलेली असते. विरळ मिश्रणात थोड्या दाबानेही ठिणगी पडते! मग ते अर्धा फेरा आधीच पेटून वर येणाऱ्या दट्ट्याला उलटा धक्का देते. म्हणून या जोड्या दूर ठेवाव्यात. वायरींची मोळी बांधू नये. एकमेकींना ओलांडायचे झाल्यास काटकोनात ओलांडावे. गरम धुराड्यापासून त्या लांब असाव्यात, आणि इंजिन हलले तरी ताण पडणार नाही इतपत सैल असाव्यात.

पावसात आणखी एक संकट येते. वायरीवरच्या धुळीत ओल मुरली, की तिचा पातळ थर वाहक बनतो. नाला ओलांडताना पंखा पाणी उडवतो ते थेट डिस्ट्रिब्युटरवर. म्हणून इंजिन बंद करून टोपी व वायरी कोरड्या फडक्याने पुसल्या, की पुष्कळदा गाडी सुरू होते. चिरलेली वायर ओळखायची असेल, तर जाणकार मिस्तरी गॅरेजात मिट्ट अंधार करून चालू इंजिनाकडे पाहतात. जेथे वीज गळते तेथे निळसर चमक दिसते. हे नुसते पाहायचे, हात लावायचा नाही. तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

करून पाहा

मध्यम लहरींचा रेडिओ लावा आणि दोन केंद्रांच्या मधल्या जागी आणा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, गॅसच्या शेगडीपासून दूर, ठिणगीचा लायटर रेडिओजवळ दाबा. दर ठिणगीला 'कट्' असा आवाज येईल. लायटर हळूहळू दूर नेत आवाज कुठवर येतो ते मोजा आणि वहीत लिहा.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच छोटी कॉइल बसवतात. लांब वायर उरलीच नाही. विजेला सांडायला वाटच ठेवली नाही, तर सांभाळायची चिंताही नाही. पण जुनी जीप कुठे दिसली, तर मालकाची परवानगी घेऊन बॉनेट उघडायला सांगा, पाच वायरी मोजा, आणि ३ व ४ च्या वायरींत अंतर आहे का, ते जरूर पाहा.