अंगणात बिबट्या, वर्गात माडिया मित्र

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हटलं, तरी आपल्याकडे आधी चार दिवस चर्चा चालते. मग ज्या अंगणात बिबट्या वावरायचा, तिथल्या मुलांचं बालपण कसं असेल? डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन वाचताना त्याची ओळख होते.

डॉ. प्रकाश यांचं स्वतःचं बालपणही चारचौघांसारखं नव्हतं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारलं, तेव्हा विकास आणि प्रकाश हे दोघे भाऊ अगदी लहान होते. त्या काळी लोक कुष्ठरुग्णांजवळ जायलाही घाबरत. या दोघांसाठी मात्र ती रोजच्या सोबतीची माणसं होती.

पुढे दोघेही डॉक्टर झाले. डॉ. प्रकाश यांनी सर्जरीचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि १९७३ मध्ये पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह भामरागडच्या जंगलात, हेमलकसाला मुक्काम केला. तिथे वीज नव्हती. पावसाळ्यात नद्या भरल्या की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. माडिया आदिवासी तर सुरुवातीला बाहेरची माणसं पाहून दूर पळायचे.

एकदा शिकारीत मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं डॉ. प्रकाश यांना दिसलं. ते त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि घरी आणलं. तीच ही बबली! तिच्यानंतर अनाथ पिल्लं येत गेली आणि हेमलकसाचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. अंगणातला बिबट्या त्यातलाच.

दिगंत आणि अनिकेत ही त्यांची मुलं याच अंगणात वाढली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाच्या आश्रमशाळेत ती माडिया मुलांसोबतच शिकली. डॉक्टर आई-वडिलांच्या मुलांसाठी वेगळी शाळा नव्हती.

इथे एक प्रश्न मनात येतोच. वाट आई-वडिलांनी निवडली, मग तिची किंमत मुलांनी का मोजायची? दिल्ली-नोएडात नर्सरीच्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या पालकांना तर हा प्रश्न नक्कीच पडेल.

त्याचं उत्तर मुलांनीच दिलं. दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत इंजिनिअर. शहरात राहणं त्यांना सहज शक्य होतं. तरी दोघेही हेमलकसालाच परतले आणि आज तिथलं काम सांभाळतात. त्यांच्या शाळेत शिकलेली माडिया मुलंही डॉक्टर, शिक्षक झाली. २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण मुलांना जंगलात नेऊन ठेवू शकत नाही, आणि तशी गरजही नाही. पण आपण कोणाला घाबरतो, कोणाला जवळ करतो, हे मुलं रोज बघत असतात. आनंदवनात लहानग्या प्रकाशने जे पाहिलं, तेच त्यांनी हेमलकसाला आपल्या मुलांना दाखवलं. आज आपल्या घरातली मुलं काय बघताहेत?